गुळव्याचं नाक

काहील कधी उतरायची, ते मी वासावर सांगतो.
हिरण्यकेशीकाठच्या सात गुऱ्हाळांत
माझ्या नाकाला मजुरी मिळते.
एकानं थर्मामीटर आणला होता,
दोन आधणं जळाली, आता तो खुंटीला आहे.

तरी पहिल्या पोरीच्या दुपट्याला काकवीचा वास आला
तेव्हा मी म्हणालो, माझ्या सदऱ्याचा असेल.
राजमती म्हणाली, सदरा धुतलाय.
मी म्हणालो, मग वाऱ्याचा.
चौथ्या दिवशी तिनं दूध सोडलं.
सहाव्या दिवशी सायकल मारावी तसे
निजल्या निजल्या पाय हलवत राहिली,
आणि बारशाच्या आधीच
पाळण्याची झालर दुकानात परत दिली.
त्यानं पैसे पुरते दिले, काही विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी
टाचेतलं रक्त कागदावर टिपलं, चार ठिपके,
आणि विचारलं, नात्यातलं लग्न?
आत्याचीच मुलगी, म्हणालो.
त्यांनी नुसतं लिहून घेतलं.
प्रोटीन याच्या अंगात पुरतं मोडत नाही, म्हणाल्या,
मधेच अडतं, साठतं, मेंदूवर चढतं.
पाक पुढं गेल्यासारखं?
त्या थांबल्या. मग म्हणाल्या, तसंच समजा.

तेव्हापासून घरात सोनाराचा काटा.
भात सत्तर ग्रॅम. साबुदाणा चालतो.
डाळ नाही, दूध नाही, शेंगदाणा नाही;
अंडं आमच्या जैन घरात नव्हतंच,
तेवढी एक बंदी फुकट मिळाली.
डब्यातली पावडर कुरिअरनं येते,
तिला ओल्या पोत्याचा वास,
एक डबा म्हणजे माझे नऊ दिवस.
सूर्य बुडाल्यावर पाणी न पिणारं घर
रात्री दोनला उठून बाटली खळखळवतं.
दहा-दहा दिवस निरंकार राहिलेली माझी आई म्हणते,
याला उपाशी ठेवणं म्हणजे हिंसा.
हे तिला कुठल्या महाराजांनी सांगितलेलं नाही.

शाळेत सकाळी दूध वाटतात.
सन्मती आधी नाही म्हणायला शिकला, दोन भाषांत:
होसमनी टीचरना बेडा, शेजारच्या काकूंना नको,
ताटात पडलं तर साकु, हातावर ठेवलं तर पुरे.
हो म्हणायला त्याला अजून वेळ लागतो.

एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाचा कुंदा
मुठीत धरून घरी आणला. वितळलेला.
आण्णा, किती?
काट्यावर ठेवला. बारा ग्रॅम.
त्यानं वहीत बारा लिहिलं
आणि हात धुवायला मोरीत गेला,
साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.
तो कुंदा मला खाता आला नाही, टाकताही येईना.
मुंग्या आल्या, त्यांनी सोडवलं.

ताप आला की सगळंच उलटं.
तोलून दिलेला भातही बंद,
नुसती साखर, पाण्यात, घोट घोट,
आणि गाडी तयार ठेवायची.
ज्या वासानं एक लेकरू गेलं
त्याच गोडानं दुसरं तगवायचं,
हे मी कुणाला सांगत नाही. गुऱ्हाळावर हसतील.

दिवाळी झाली की चुलवाणं पेटतात.
मग अख्ख्या गावाला तोच वास:
उशीला, पाण्याला, देवळातल्या गंधाला.
राजमती मला दारातच अडवते,
विहिरीवर दोनदा आंघोळ, कपडे बाहेर,
तरी माझ्या नाकात काहील उकळतच असते.

परवा पोराचं अंग कढत लागलं.
त्याला गोधडीत गुंडाळून गाडीवर घेतलं,
गावाच्या वरच्या अंगाला, माळावर,
जिथं वारा गुऱ्हाळांकडं जातो, तिकडून येत नाही.
थोडा वेळ नुसता उभा राहिलो, श्वास सोडत.
मग त्याच्या कानामागं नाक टेकवलं.

खोबरेल. घाम. खडूची पूड.
परत एकदा.

गुदगुल्या होतात, म्हणाला.
हलू नको, म्हणालो, मोजतोय.